तीन महिने गुरूंजवळ राहून ताई ची शिकावे का?

प्रश्न : गेली चार वर्षे मी आठवड्यातून दोनदा ताई चीच्या, म्हणजे संथ हालचालींच्या चिनी युद्धकलेच्या, वर्गाला जातो आणि यांग शैलीतील २४ हालचालींचा क्रम मला पाठ आहे. आता तीन महिन्यांची रजा मिळते आहे. चेन शैलीच्या एका गुरूंकडे राहून रोज सहा तास शिकण्याची संधीही आली आहे. माझे वय ४६ असून उजवा गुडघा अधूनमधून दुखतो. मी जावे का?

उत्तर : आपण जरूर जावे, फक्त नवे क्रम किती पदरात पडतील, हा हिशेब करून जाऊ नये. आपण शिकलेला क्रम चीनच्या क्रीडा विभागाने १९५६ मध्ये मुद्दाम आटोपशीर बसवला, तो सर्वसामान्यांना थोडक्या वेळात शिकता यावा म्हणूनच. चेन शैलीचा जुना पहिला क्रम सत्तरहून अधिक हालचालींचा आहे. तीन महिन्यांत तो पाठ होईल, पण पाठ होणे म्हणजे अंगी बाणणे नव्हे. यांग शैलीचे प्रवर्तक यांग लुचान हेही हनान प्रांतातील चेनजियागोउ या गावी चेन चांगशिंग यांच्याजवळ अनेक वर्षे राहूनच शिकले होते.

पूर्णवेळ शिक्षणाचे खरे मोल गुरूंच्या हातात असते. आठवड्याच्या वर्गात शिक्षक चूक दाखवतात, पण पुढच्या वर्गापर्यंत शरीर जुन्या सवयीवर परतलेले असते. गुरूंजवळ राहिल्यावर तीच चूक सकाळी दुरुस्त होते, दुपारी पुन्हा होते आणि पुन्हा दुरुस्त होते. मी स्वतः अशा शिक्षणाला गेलो, तेव्हा पहिले दहा दिवस केवळ स्थिर उभे राहण्यात आणि एकेक हात गोलाकार फिरवण्यात गेले. झाडाला कवटाळल्यासारखे हात धरून मी उभा असताना गुरूंनी माकडहाडाशी तळहात टेकवला आणि कंबर जेमतेम बोटभर खाली सोडायला लावली. इतका वेळ पाठीने धरून ठेवलेला भार तत्क्षणी मांड्यांत उतरला आणि मांड्या थरथरू लागल्या. त्या बोटभर अंतरासाठी गेलेले दहा दिवस मला आजही वाया गेले असे वाटत नाही.

गुडघ्याचा प्रश्न मात्र मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वळताना शरीर खुब्यातून फिरले पाहिजे. खुबा आखडलेला असेल आणि भाराचे पाऊल जमिनीवर रोवलेले असेल, तर तो पीळ गुडघ्यावर येतो. दिवसातून पाच-पन्नास वेळा असे घडले तर एरवी निभावून जाणारा दोषही दुखणे होऊन बसतो. म्हणून गुडघा नेहमी पायाच्या बोटांच्या दिशेनेच वाकवावा आणि आसन उंच ठेवावे, म्हणजे गुडघे कमी वाकवून उभे राहावे, शेजारचा तरुण विद्यार्थी कितीही खाली बसत असला तरी. स्नायू लवकर बळकट होतात, पण स्नायुबंध व अस्थिबंध यांना अधिक काळ लागतो. त्यामुळे दम आहे म्हणून सराव वाढवत नेणे धोक्याचे ठरते. निघण्यापूर्वी अस्थिरोगतज्ज्ञांना गुडघा दाखवावा, निदान दोन महिने आधीपासून घरी रोजचा सराव हळूहळू वाढवावा आणि गुरूंना पहिल्याच दिवशी दुखण्याची कल्पना द्यावी. मांडी भरून येणे स्वाभाविक आहे; सांध्यात आत टोचू लागले तर मात्र त्याच क्षणी थांबावे.

हे ऐकल्यावर जे गुरू आपले आसन स्वतःहून उंच करून देतील, त्यांच्याकडे निश्चिंतपणे राहावे. दुखणे सोसल्यावाचून विद्या येत नाही, असे सांगून कोणी आपल्याला खाली बसवू लागले, तर रजा शिल्लक असली तरी परत यावे. शक्य असल्यास प्रथम एका महिन्याचेच ठरवावे आणि पुढचे दोन महिने गुडघ्याची स्थिती पाहून, गुरूंशी बोलून ठरवावेत.