व्याजदर घटवूनही अनिश्चिततेच्या काळात गुंतवणूक का वाढत नाही?

कारण अशा वेळी उद्योजकापुढे कर्ज किती स्वस्त यापेक्षा ‘आत्ताच पैसे अडकवू की थोडं थांबू?’ हा प्रश्न मोठा असतो. कारखाना एकदा उभारला की तो विकून सगळे पैसे परत येत नाहीत, त्यामुळे चित्र स्पष्ट होईपर्यंत थांबणं शहाणपणाचं ठरतं. अमेरिकी अर्थतज्ज्ञ बेन बर्नान्के यांनी १९८३ मध्ये हेच मांडलं होतं. पुढे २००९ मध्ये अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम यांनी दाखवलं की अनिश्चिततेचा धक्का बसला की गुंतवणुकीबरोबर नोकरभरतीही झपाट्याने घसरते. नोकरीची धास्ती असलेली कुटुंबं खर्च आवरून बचत वाढवतात, बँकाही कर्ज देताना हात आखडता घेतात. म्हणजे दरकपात खालपर्यंत पोचायच्या आधीच तिचा जोर ओसरतो.

पण म्हणून दरकपात निरुपयोगी ठरत नाही. बदलत्या दराच्या कर्जांचे हप्ते कमी होतात, अडचणीतले धंदे तग धरतात. माझ्या मते याहून महत्त्वाचं म्हणजे मध्यवर्ती बँकेने पुढची दिशा आधीच स्पष्ट सांगणं, कारण त्याने निदान व्याजदरांबाबतची अनिश्चितता तरी कमी होते. मात्र महागाई आधीच चढी असेल तर एवढी मोकळीक बँकेकडे उरत नाही.