नवीन गेम कन्सोल आला की गेम बनवणं सोपं होतं का? ऑनलाइन सेवांवर काय परिणाम होतो?

तुम्ही तिघे मित्र कबड्डीचा ऑनलाइन गेम बनवताय, नवीन कन्सोल ताकदवान आहेत म्हणून काम हलकं होईल असं वाटतंय, आणि त्यामुळे जुन्या मशिनचा विचारच करायचा नाही असं ठरवताय. प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, 'जुनं आता कोण वापरतंय?' हेच वाक्य मी २०१३ मध्ये पुण्यातल्या एका मीटिंगमध्ये ऐकलं होतं. तेव्हा गप्प बसलो, म्हणून आता लिहितोय.

मी कोल्हापुरातल्या राजारामपुरीचा. शिक्षण तिथंच झालं, मग चार वर्षं पुण्यात एका स्टुडिओत होतो. बाहेरच्या एका कंपनीचा रेसिंग गेम सोनीच्या प्लेस्टेशन-३ वर, म्हणजे पीएस-३ वर, बसवायचं काम आमच्याकडे होतं. गेमचं आणि स्टुडिओचं नाव सांगत नाही. तोच गेम येऊ घातलेल्या नव्या मशिनसाठीही तयार होत होता, ते काम शेजारच्या टीमकडे.

पीएस-३ ची मेमरी एकूण ५१२ एमबी, तीही दोन तुकड्यांत: २५६ प्रोसेसरची, २५६ ग्राफिक्सची. त्याच पिढीतल्या मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० लाही ५१२ च होती, पण तिथं ती एकाच ढिगात असल्यामुळे गरजेप्रमाणे वाटून घेता यायची. पीएस-३ वर एका बाजूला जागा उरली म्हणून दुसऱ्या बाजूची अडचण सहजी सुटत नसे. त्यात तो 'सेल' नावाचा प्रोसेसर. एक मुख्य कोअर (प्रोसेसरमधला आकडेमोड करणारा भाग) आणि गेमला मिळणारे सहा लहान कोअर, त्या प्रत्येकाकडे स्वतःची फक्त २५६ केबी जागा. काम त्या जागेत मावेल असं तोडायचं, डेटा आत धाडायचा, झालेलं बाहेर काढायचं, सगळं हातानं. पीएस-४ आला नोव्हेंबर २०१३ मध्ये: एकत्र ८ जीबी आणि पीसीच्याच जातीचा प्रोसेसर. आम्ही महिनोन्‌महिने ज्याच्यावर झुरलो ते शेजारच्या टीमचं काही दिवसांत धावायला लागलं. म्हणजे तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचं उत्तर 'हो' आहे. सोपं होतं. निदान तेव्हा तरी झालं.

आता माझ्या वाट्याला काय आलं ते सांगतो. गेममध्ये स्प्लिट-स्क्रीन होती. एका टीव्हीवर दोघं, वर एकाची गाडी, खाली दुसऱ्याची. माझं बालपण राजारामपुरीतल्या एका गेम पार्लरमध्ये गेलं. तिथं चार टीव्ही, चार पीएस-२, तासावर पैसे. एका टीव्हीपुढं दोघं खेळणार आणि सहा जण मागं उभे राहून सांगणार, 'आरं डावीकडनं काढ की!' एकट्यानं खेळायला तिथं कुणीच येत नव्हतं. त्यामुळे स्प्लिट-स्क्रीनचं काम मी मागून घेतलं.

हे काम चिवट असतं. सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० चित्रं, दाखवणाऱ्या गेममध्ये एका फ्रेमला ३३ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्याच वेळात तोच देखावा दोन ठिकाणांहून दोनदा काढायचा. एक खेळाडू पुढं निघून गेला आणि दुसरा पहिल्याच वळणावर आपटला, तर ट्रॅकचे दोन्ही भाग एकाच वेळी मेमरीत हवेत. आम्हाला साधारण २० एमबी कमी पडत होती. आज २० एमबी म्हणजे मोबाइलवरचे चार फोटो. तेव्हा सांगलीची एक सहकारी आणि मी अख्खी दिवाळी त्यात घातली. प्रेक्षकांच्या गर्दीची चित्रं निम्म्या आकाराची केली, सगळ्या गाड्यांच्या काचांना एकच टेक्स्चर (वर चिकटवायचं चित्र) दिलं, इंजिनचे आवाज पुन्हा दाबले, स्प्लिट-स्क्रीन सुरू असताना आरशातलं प्रतिबिंब बंद केलं. भाऊबीजेच्या आदल्या रात्री अडीचला दोन कंट्रोलर जोडून आम्ही पूर्ण तीन फेऱ्या खेळलो. कुठंही अडकलं नाही. ती जिंकली.

दोन आठवड्यांनी मीटिंगमध्ये आमच्या लीडनी, म्हणजे टीमप्रमुखांनी, स्प्लिट-स्क्रीन काढून टाकायचं जाहीर केलं. दोन्ही पिढ्यांच्या गेममधून. नव्या मशिनवर देखावा इतका जड केला होता की तो दोनदा काढणं तिथंही जमत नव्हतं. ८ जीबी मिळाली होती, ती आर्टवाल्यांनी आधीच भरून टाकली होती. आणि एकाच गेममध्ये जुन्या मशिनला एक सोय जास्त, हे कंपनीला चालणार नव्हतं. लीड म्हणाले, "ऑनलाइन आहेच की. शेजारी बसून आता कोण खेळतंय? जुनं आता कोण वापरतंय?"

नव्या हार्डवेअरचा हा परिणाम जाहिरातीत दिसत नाही. जागा वाढली की ती दिसण्यावर खर्च होते आणि एका टीव्हीवर दोघांनी खेळायची सोय सगळ्यात आधी कापली जाते. हे आमच्याच स्टुडिओत झालं असं नाही. ३६० नंतरच्या एक्सबॉक्स वनवरचा 'हेलो ५' २०१५ मध्ये आला, त्यात स्प्लिट-स्क्रीन नव्हती, आणि ज्या मालिकेचं नावच त्यावर झालं होतं तिचे चाहते भडकले. २०२३ मध्ये 'बाल्डर्स गेट ३' एक्सबॉक्सवर उशिरा, डिसेंबरात आला. एक्सबॉक्सचा स्वस्त भाऊ सीरिज एस, त्याची मेमरी १० जीबी, मोठ्या सीरिज एक्सची १६. स्प्लिट-स्क्रीन त्या लहान मशिनवर बसेना, शेवटी तिथं ती न देताच गेम आणला. नवीन पिढीत सगळ्यात कमकुवत मशीन कोणतं, हे आधी बघा. गेम किती मोठा होणार ते तिथंच ठरतं.

आता माझ्या दुखऱ्या जागेकडे येतो. गेम २०१४ मध्ये आला. तीन वर्षांत पीएस-३ वरचे त्याचे सर्व्हर, म्हणजे ऑनलाइन खेळ जुळवणारे कंपनीचे संगणक, बंद झाले. कारण सरळ आहे: खेळाडू नव्या मशिनवर गेलेले, सर्व्हरचं भाडं तेवढंच, जुन्या आवृत्तीचा कोड सांभाळणारी माणसं दुसऱ्या कामावर. २०१८ मध्ये माझ्या बहिणीनं भाच्याला जुना पीएस-३ घेऊन दिला. मामानं बनवलेला गेम म्हणून त्यानं डिस्क शोधून आणली.

ऑगस्ट २०१९ चा कोल्हापूरचा महापूर आठवत असेल. बहीण राहते दुधाळीत. पाणी चढायला लागल्यावर ती सगळी आमच्याकडे राजारामपुरीत आली. मी रजेवर आलेलो, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेल्यामुळे पुण्याला परत जाणं शक्य नव्हतं. दूध मिळेना, पेट्रोल मिळेना. दोन्ही भाच्यांनी घरातून निघताना काय उचललं असेल, तर चादरीत गुंडाळलेला पीएस-३ आणि दोन कंट्रोलर. एका दुपारी लाइट आली तेव्हा त्यांनी माझा गेम लावला. धाकट्यानं दुसरा कंट्रोलर हातात घेतला, सगळा मेनू पालथा घातला आणि मला हाक मारली, "मामा, ह्यात दोघांनी खेळायचं कुठं हाय?"

मी त्याला काय सांगणार? ऑनलाइनवर गेलं की 'सर्व्हरशी संपर्क होत नाही', आणि घरात नेट असतं तरी हेच आलं असतं. त्यांनी आळीपाळीनं एकेक रेस खेळली, मग मशीन बंद करून पत्ते काढले. त्या डिस्कमधून काढलेल्या सोयीसाठीच मी आणि त्या सहकारीनं दिवाळी घालवली होती.

ऑनलाइन सेवांबद्दल विचारलंत म्हणून एक गोष्ट नीट समजून घ्या. आमच्या गेममध्ये रेस सर्व्हरवर चालतच नव्हती. खेळाडूंची मशिन्स एकमेकांशी थेट बोलायची, सर्व्हर फक्त गाठ घालून द्यायचा. तो गेल्यावर एकाच खोलीत, एकाच राऊटरला जोडलेले दोन पीएस-३ सुद्धा एकमेकांना ओळखत नाहीत. पहिल्या एक्सबॉक्सची ऑनलाइन सेवा १५ एप्रिल २०१० ला बंद झाली, तेव्हा 'हेलो २' खेळणाऱ्या काही जणांनी मशिन्स बंदच केली नाहीत. सामना एका खेळाडूच्या मशिनवर चालत असल्यामुळे त्यातले शेवटचे थेट मे महिन्यापर्यंत टिकले. म्हणजे खेळ चालू राहू शकतो. नव्यानं भेटायचा रस्ता तेवढा बंद होतो, आणि तो रस्ता उघडा ठेवायचं आधीच ठरवता येतं.

बंद होण्याचे दिवस नव्या मशिनच्या मागोमाग येतातच. 'जीटीए ऑनलाइन' पीएस-३ आणि एक्सबॉक्स ३६० वर डिसेंबर २०२१ मध्ये थांबलं. निन्टेंडोच्या थ्रीडीएस आणि वी-यू या जुन्या मशिन्सची ऑनलाइन सेवा एप्रिल २०२४ मध्ये. 'द क्रू' हा रेसिंग गेम तर ३१ मार्च २०२४ नंतर एकट्यानंही खेळता येत नाही, कारण त्याला सतत सर्व्हर लागायचा. ज्यांनी पैसे मोजून तो घेतला होता त्यांच्या हातात काही राहिलं नाही. मला हे चोरीसारखंच वाटतं. सेल प्रोसेसर इतका वेगळा होता की पीएस-३ च्या डिस्क पीएस-५ वर चालतच नाहीत. बाहेरच्या काही देशांत पीएस-३ चे गेम क्लाउडवरून, म्हणजे कंपनीच्या मशिनवर चालवून नेटवरून, खेळायची सोय दिली, पण २०२२ मध्ये पीएस प्लस या सोनीच्या वर्गणीचे नवे प्लॅन आपल्याकडे आले ते त्या क्लाउडशिवाय.

शिवाय खर्च. पीएस-३ वर ऑनलाइन खेळणं फुकट होतं, पीएस-४ पासून त्याला वर्गणी लागली. पीएस-५ जगात नोव्हेंबर २०२० मध्ये आला, आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ ला, ४९,९९० रुपयांना. कोल्हापुरात किती घरांत तो पहिल्या वर्षी आला असेल? आपल्या भागात जुनं मशीन दहा-दहा वर्षं चालतं. हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजनं 'हनुमान: बॉय वॉरियर' २००९ मध्ये काढला तो पीएस-२ साठी, पीएस-३ येऊन दोन वर्षं उलटल्यावर, कारण इथं लोकांच्या घरात पीएस-२ होता. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' ऑगस्ट २०२० मध्ये आधी निन्टेंडो स्विचवर आला. नव्या पिढीच्या तोंडावर, २०१७ च्या, ४ जीबी मेमरीच्या मशिनवर. हे मला मनापासून पटतं. लहान मशिनवर चाललेलं मोठ्यावर न्यायला त्रास कमी, उलट न्यायला जीव जातो, हे मी अनुभवलंय.

माझ्या वडिलांचा उद्यमनगरात वर्कशॉप होता. व्हीएमसी मशीन (संगणकाच्या प्रोग्रॅमवर धातू कापणारं) घेतलं तेव्हा जुना लेथ विकून जागा मोकळी करा असं मीच म्हणालो होतो. त्यांनी तो कोपऱ्यात सरकवून ठेवला. जुन्या ऑइल इंजिनाचा एखादा भाग करून मागायला खेड्यातून माणूस यायचा, एका नगासाठी व्हीएमसीचा प्रोग्रॅम लावणं त्याला परवडलं नसतं. ते काम वडील शेवटपर्यंत लेथवर करत राहिले. लीडना मी हे तेव्हा सांगायला हवं होतं.

तर तुमच्या कबड्डीबद्दल. आधी एका मशिनवर, दोन कंट्रोलरवर खेळता येईल असाच बनवा. इंटरनेट नंतर जोडा. एकाच राऊटरवर दोन मशिन्स सर्व्हरशिवाय जोडता आली पाहिजेत, हे पहिल्या महिन्यात करा, कारण शेवटच्या महिन्यात ते कुणीच करू देत नाही. हातात मिळेल ते सगळ्यात जुनं मशीन रोज चाचणीला वापरा. नेट मध्येच गेलं, कंट्रोलर सुटला, तर गेम काय करतो ते रोज बघा, तसंही कन्सोल कंपन्या मंजुरी देताना हे तपासतातच. पीएस-५ ची एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी आलेली वेगवान साठवण) सेकंदाला ५.५ जीबी वाचते, पीएस-४ ची हार्डडिस्क जेमतेम १०० एमबी. मोठं खुलं जग बनवणाऱ्याचं नशीब त्यानं बदललं. पूर्वी लोडिंग लपवायला लांब बोळ आणि लिफ्ट घालाव्या लागायच्या, एकच वस्तू डिस्कवर अनेकदा लिहावी लागायची. पण तुमचं मैदान १३ मीटर बाय १० मीटरचं आहे. त्यात एसएसडीनं काही होणार नाही.

लीडवर मी फार राग काढला, म्हणून हेही लिहितो: प्रत्येक सोयीची प्रत्येक मशिनवर चाचणी करायला माणसं लागतात, आणि तेव्हा आमच्याकडे तीन होती. पैसा नव्या मशिनमधूनच आला, माझा पगारही. आणि तुम्हाला फक्त नोकरीसाठी दाखवायला गेम हवा असेल, तर यातलं बरंच काही लागू होत नाही, नवीन इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, शिका आणि पुढं जा. कोल्हापुरात राहून हे जमेल का, असंही विचारलंय. जमेल. मी २०२० पासून इथूनच काम करतोय, पण पहिली दोन-तीन वर्षं टीमबरोबर एका खोलीत बसून काढा.

खेळण्याजोगं झालं की कळवा. भाचे आता कॉलेजात आहेत, पीएस-३ अजून चालू आहे आणि दुसरा कंट्रोलरही. दोन्ही कंट्रोलर लॅपटॉपला जोडून आम्ही दोघं-दोघं खेळून बघू.