फ्रँकफर्ट गॅलॅक्सी हा अमेरिकन फुटबॉल संघ इतका लोकप्रिय असूनही बंद का पडला? आताचा गॅलॅक्सी तोच आहे का?

तुमचे दोन प्रश्न आहेत. सामन्यांना एवढी गर्दी व्हायची, चारदा अजिंक्यपद मिळालं, मग २००७ मध्ये संघ बंद कसा काय झाला? आणि हल्ली त्याच नावाने जो संघ खेळतो तो तोच का? मी २००५ ते २००८ नोकरीनिमित्त फ्रँकफर्टला होतो. गॅलॅक्सीच्या शेवटच्या दोन हंगामांतले घरचे बरेच सामने मी पाहिले, अगदी शेवटचासुद्धा. या संघावर माझा फार जीव आहे, त्यामुळे उत्तर लांबेल.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देतो. गॅलॅक्सीचा मालक फ्रँकफर्टमध्ये नव्हता. संघ, खेळाडू, प्रशिक्षक, नाव, चिन्ह, सगळं एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक लीगच्या, हातात होतं. शहराकडे होते फक्त प्रेक्षक. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

१९९१ मध्ये एनएफएलच्या पाठबळावर 'वर्ल्ड लीग' सुरू झाली. दहा संघ होते. सहा अमेरिकेतले, एक कॅनडातल्या माँट्रियलचा आणि युरोपातले तीन: लंडन, बार्सिलोना, फ्रँकफर्ट. फ्रँकफर्टची निवड उगाच झाली नव्हती. महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याचा मोठा तळ तिथे होता. सैनिकांसाठीचं एएफएन रेडिओ केंद्र शहरातूनच चालायचं आणि तिथली जर्मन पोरं ते ऐकत मोठी झाली होती. जर्मनीतला पहिला अमेरिकन फुटबॉल क्लब, फ्रँकफुर्टर लोवेन, १९७७ मध्ये इथेच निघाला होता. म्हणजे जमीन आधीच नांगरलेली होती.

लीगचा सगळ्यात पहिला सामनाही इथेच झाला. तारीख २३ मार्च १९९१, मैदान वाल्डस्टाडिओन, समोर लंडन मोनार्क्स. गॅलॅक्सी ११-२४ असा हरला, पण तेवीस हजारांवर लोक आले होते. त्या वर्षी प्रशिक्षक होते जॅक एलवे, म्हणजे एनएफएलमधल्या डेन्व्हर संघाचा प्रसिद्ध खेळाडू जॉन एलवे याचे वडील. संघाने दहापैकी सात सामने जिंकले आणि तरीही बाद फेरीत जागा मिळाली नाही! कारण युरोप गटात लंडनने नऊ आणि बार्सिलोनाने आठ जिंकले होते. अमेरिकेतल्या दोन्ही गटांचे विजेते मात्र पाच विजय आणि पाच पराभव घेऊन पुढे गेले. फ्रँकफर्टचे जुने प्रेक्षक हा अन्याय मला काल घडल्यासारखा सांगायचे.

१९९२ चा हंगाम वाईट गेला. तीनच विजय. त्याहून वाईट म्हणजे अमेरिकेत टीव्हीवर ही लीग फारसं कोणी पाहत नव्हतं, म्हणून एनएफएलने ती थांबवली. १९९३ आणि १९९४ ही दोन वर्षं गॅलॅक्सी नव्हताच. युरोपातले स्टेडियम भरत होते, पण निर्णय अमेरिकेतल्या टीव्हीच्या आकड्यांवर झाला. २००७ ची खूण इथेच दिसते.

१९९५ मध्ये लीग परत आली, या वेळी फक्त युरोपात, सहा संघांची. गॅलॅक्सीचे नवे प्रशिक्षक होते एर्नी श्टाउटनर. हा माणूस बव्हेरियात जन्मला आणि अगदी लहानपणी आईवडिलांबरोबर अमेरिकेला गेला. एनएफएलमधल्या पिट्सबर्ग स्टीलर्सकडून खेळून त्याने हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या यादीत, जागा मिळवली, त्याचा ७० क्रमांक स्टीलर्सने निवृत्त केला, म्हणजे पुन्हा कोणाला द्यायचा नाही असं ठरवलं, आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर तो जन्मदेशात संघ शिकवायला आला. पहिल्याच वर्षी ॲमस्टरडॅमला त्यांच्याच मैदानावर २६-२२ हरवून त्याने अजिंक्यपद आणलं. गॅलॅक्सीच्या इतिहासातला माझा सगळ्यात आवडता माणूस हाच, जरी मी त्याला मैदानावर कधी पाहिलं नाही.

पुढची गोष्ट भराभर सांगतो. १९९६ ला अंतिम सामन्यात स्कॉटिश क्लेमोर्सकडून पराभव. १९९८ ला घरच्या मैदानावर ऱ्हाइन फायरकडून पराभव, आणि तो फार झोंबला, कारण ड्युसेलडॉर्फचा ऱ्हाइन फायर म्हणजे पक्का वैरी. १९९९ ला त्याच ड्युसेलडॉर्फमध्ये बार्सिलोनाला ३८-२४ हरवून दुसरं अजिंक्यपद. त्या संघात जेक डेलोम होता. हाच डेलोम २००४ च्या फेब्रुवारीत कॅरोलायना पँथर्सचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू) म्हणून सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, खेळला. २००३ ला ग्लासगोत ऱ्हाइन फायरला ३५-१६ धूळ चारली, २००४ ला बर्लिनकडून हार, २००६ ला ॲमस्टरडॅमवर २२-७ ने चौथं अजिंक्यपद. पंधरा हंगामांत आठ अंतिम सामने. आणि या पंधराही हंगामांत खेळलेला गॅलॅक्सी हा एकमेव संघ.

मी पहिला सामना पाहिला तो ऑफिसातल्या एका जर्मन सहकाऱ्यामुळे. मला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. एस-बानमधून (शहरातली लोकल गाडी) उतरून स्टेडियमपर्यंत झाडांतून चालत जावं लागतं (वाल्डस्टाडिओन म्हणजे जंगलातलं स्टेडियम), आणि त्या वाटेवर आजोबांपासून बाबागाडीतल्या बाळापर्यंत सगळे जांभळ्या शर्टात. सामन्याआधी काही तास बाहेर 'पॉवर पार्टी' चालायची. गाणी, सॉसेज, बिअर, पोरांसाठी खेळ. आपल्याकडच्या जत्रेची आठवण यावी असं वातावरण.

आत बसल्यावर सहकाऱ्याने एवढंच सांगितलं, "चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, बाकी हळूहळू कळेल." तिसऱ्या प्रयत्नानंतर चेंडू दहा यार्डांच्या अगदी काठावर थांबला. दोन माणसं दोन काठ्यांमध्ये बांधलेली साखळी घेऊन मैदानात आली आणि ती ताणून मोजू लागली. सगळं स्टेडियम उभं. माझ्या शेजारी एक आजी हाताची दोन बोटं वर धरून त्यांच्यातली फट दाखवत होत्या, एवढंच कमी, एवढंच. पंचाने हात पुढे केला, म्हणजे दहा यार्ड पूर्ण, आणि त्या आजींनी मला, एका अनोळखी माणसाला, मिठीच मारली. त्या क्षणी मी गॅलॅक्सीचा झालो.

पण हा संघ कसा बनायचा ते पाहा. दरवर्षी एनएफएलचे क्लब आपले राखीव, होतकरू खेळाडू वसंत ऋतूपुरते पाठवायचे. त्यांचं सराव शिबिर फ्लोरिडात व्हायचं. मग ते जर्मनीत हॉटेलात राहायचे, दहा सामने खेळायचे आणि जूनमध्ये परत. ज्याच्या नावाने आरोळ्या ठोकल्या तो पुढच्या वर्षी असेलच असं नाही. चांगला खेळला तर नक्कीच नाही, कारण अमेरिकेतला क्लब त्याला ठेवून घ्यायचा. मारिओ बेलीसारखा वर्षानुवर्षं परत येणारा रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू) म्हणून तर लोकांच्या गळ्यातला ताईत झाला. नियमाने संघात काही स्थानिक खेळाडू ठेवावे लागत. त्यांच्यापैकी कोणी मैदानात उतरला की गर्दीचा आवाज दुप्पट व्हायचा.

तिकडे बाकीची लीग आकसत चालली होती. १९९८ नंतर लंडन गेलं, २००३ नंतर बार्सिलोना, २००४ नंतर स्कॉटलंड. त्यांच्या जागी बर्लिन, कोलोन, हॅम्बुर्ग आले. २००७ मध्ये सहापैकी पाच संघ जर्मन होते. युरोपभर खेळ रुजवायला काढलेली लीग एका देशाची होऊन बसली, आणि तेव्हाच्या बातम्यांनुसार वर्षाला सुमारे ३ कोटी डॉलर तोटा होत होता. गॅलॅक्सीच्या सामन्यांना त्या शेवटच्या हंगामातही सरासरी तीस हजारांच्या वर लोक येत. पण हिशोब एका संघाचा नव्हता, सगळ्या लीगचा होता.

२३ जून २००७ ला अंतिम सामना आमच्याच मैदानावर झाला, हॅम्बुर्ग सी डेव्हिल्सशी. ४८,१२५ प्रेक्षक. आम्ही २८-३७ हरलो. परतताना सहकारी म्हणाला, जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू. सहा दिवसांनी, २९ जूनला, एनएफएलने लीग बंद केल्याचं जाहीर केलं. तो माझ्या टेबलाशी आला आणि एकच शब्द बोलला, "श्लुस." संपलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात एनएफएलने लंडनच्या वेम्बलीवर नियमित हंगामातला सामना खेळवला. कायमचा संघ पोसण्यापेक्षा आपले खरे संघ अधूनमधून युरोपात आणायचे, हे त्यांचं नवं धोरण होतं. धंद्याच्या दृष्टीने ते बरोबरच ठरलं. २०२३ च्या नोव्हेंबरात फ्रँकफर्टच्या त्याच स्टेडियममध्ये एनएफएलचे दोन सामने झाले. तरीही चाहत्यांना आठवडाभराचीही पूर्वसूचना न देता दार लावून घेतलं, हे मला आजही पटत नाही.

दुसरा प्रश्न. आताचा गॅलॅक्सी तो नाही. २०२१ मध्ये 'युरोपियन लीग ऑफ फुटबॉल' सुरू झाली, तिने एनएफएलकडून जुनी नावं वापरायची परवानगी घेतली. नवा संघ, नवे मालक, बोर्नहाइममधलं छोटं मैदान. पहिल्याच वर्षी ते अंतिम सामन्यात पोहोचले. समोर पुन्हा हॅम्बुर्ग सी डेव्हिल्स, तेही नव्याने उभे राहिलेले. गॅलॅक्सी ३२-३० ने जिंकला. निकाल कळताच मी सहकाऱ्याला फोन लावला. त्याने उचलला, पण मागच्या गोंगाटात मला त्याचं बोलणं काही ऐकू आलं नाही.