आजीच्या माहेरचे बॅरनपद

प्रश्न : माझ्या आजीचे (वडिलांच्या आईचे) माहेर उत्तर प्रदेशातल्या कासगंजच्या गार्डनर घराण्यातले. आयर्लंडचे ‘बॅरन गार्डनर’ हे पद 1883 पासून वारसाविना पडून आहे. वंशावळ काढून देणारे एक गृहस्थ दीड लाख रुपये मागत आहेत. माझा हक्क लागतो का? – एक वाचक, पुणे

उत्तर : पैसे देऊ नका, तुमचा हक्क लागत नाही. हे सरदारकीचे पद 1800 साली आरमारी अधिकारी अ‍ॅलन गार्डनर यांना मिळाले. ते त्यांच्या औरस पुरुष वंशजांकडे, फक्त पुरुषाकडून पुरुषाकडे जाते. तुमची साखळी आजीपाशीच तुटते.

वडिलांच्या मामेभावांचे नाव पुढे केले जाईल, म्हणून तेही सांगतो. कासगंजला स्थायिक झालेले कर्नल विल्यम लिनियस गार्डनर, एके काळी यशवंतराव होळकरांच्या चाकरीत होते ते, पहिल्या बॅरनचे पुतणे. पुतण्याचा वंश म्हणजे बॅरनचा वंश नव्हे. कर्नलपर्यंत पोचणारी वंशावळ कितीही चोख असली तरी इथे निरुपयोगी. ती अ‍ॅलन यांच्या मुलाला जाऊन मिळाली पाहिजे.

मिळत असेल, तर प्रत्येक पिढीचा जन्म, आईवडिलांचा विवाह आणि थोरल्या शाखा निर्वंश झाल्याचा पुरावा लागतो. अडते विवाहापाशी. बाप्तिस्म्याचा दाखला म्हणजे लग्नाचा पुरावा नव्हे. दत्तक मुलाला पद मिळत नाही आणि जन्मानंतर आईवडिलांनी लग्न केले तरी हक्क येत नाही. याच पदाच्या 1825 च्या दाव्यात, पती जहाजावर गेल्यानंतर 311 दिवसांनी जन्मलेले मूल हाऊस ऑफ लॉर्ड्सने औरस मानले नाही. बंगाल इलाख्याच्या चर्चनोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात ‘एन/1’ या मालिकेत आहेत. सुरुवात तिथून करावी. 2004 पासून ब्रिटनमध्ये अशा सरदारांची अधिकृत नोंदवही ठेवली जाते. लॉर्ड चान्सेलरकडे (ब्रिटनच्या न्यायमंत्र्यांकडे) वारसा सिद्ध करून तिच्यात नाव लागल्याशिवाय सरकारी कागदांत पदवी चालत नाही.

ते मामेभाऊ भारतीय नागरिक असतील तर आणखी एक अडचण. राज्यघटनेच्या अनुच्छेद 18(2) नुसार भारतीय नागरिकाला परकीय राज्याकडून किताब स्वीकारता येत नाही. वारशाने आलेले पद ‘स्वीकारले’ म्हणायचे का, यावर वाद घालता येईल. पण आपण होऊन अर्ज करून नाव लावून घेणे म्हणजे स्वीकारणेच, असे माझे मत आहे. अर्जावर सही करण्यापूर्वी त्यांनी यावर लेखी सल्ला घ्यावा.