वाईला सायकलनं जायचंय, पण हायवे नको! वाचकांचे प्रश्न

पुणे-सातारा भागातल्या सायकल सहलींबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं, तर पत्रं-मेसेज मिळून ढीगच झालाय. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, त्यामुळे सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं छापत नाही, गाव तेवढं देतोय.

प्रश्न: आम्ही चौघं मित्र, चाळिशी ओलांडलेले, सगळ्यांकडे हायब्रिड सायकली. पुणे, जेजुरी, फलटण, शिखर शिंगणापूर, औंध, सातारा, वाई आणि परत असा फेरा चार दिवसांत करायचाय. हायवे नको. जमेल का? (कोथरूड)

पाय चांगले असतील तर जमेल, पण मग बघणं काही व्हायचं नाही. हा फेरा चारशेच्या आसपास जातो, म्हणजे रोजचे शंभर, आणि रोज शंभर मारणारा माणूस संध्याकाळी फक्त लॉज आणि जेवण शोधतो. दोन उपाय आहेत, एकतर सात दिवस काढा, नाहीतर साताऱ्यापर्यंत जाऊन तिथून सायकली टेम्पोत टाका. मी सात दिवसांचंच सांगतो, कारण या रूटवर सगळी मजा थांबण्यात आहे.

पहिल्या दिवशी बोपदेव घाटानं सासवडला. घाट सकाळी सहाला सुरू करा, पुण्याचे निम्मे सायकलवाले तिथं भेटतील. सासवडात संगमेश्वराला थांबा, कऱ्हेच्या काठी आहे, मग जेजुरी, आणि मुक्काम मोरगावला. जेजुरीत गडावर जायचं तर सायकली खाली कुणाकडे तरी सांगून ठेवा, भंडारा चेनला लागला की तेलात मिसळून जो काय लगदा होतो तो ब्रशनं घासला तरी निघत नाही.

दुसऱ्या दिवशी मोरगावहून थेट नीरेला पळू नका, वाट वाकडी करून लोणी भापकरला जा. तिथल्या जुन्या मंदिराशेजारी पुष्करणी आहे, आणि एक यज्ञवराह आहे, दगडाचा, अंगावरच्या झुलीत छोट्या छोट्या विष्णुमूर्ती कोरलेल्या. इतकी सुंदर मूर्ती आणि तिकीट नाही, रांग नाही, बहुतेक वेळा तुम्ही आणि एखादं शेरडू एवढेच. नंतर नीरा, लोणंद, फलटण हा पालखी मार्गच, रस्ता रुंद आहे आणि तेवढाच कंटाळवाणा, मान खाली घालून संपवा. फलटणला मात्र संध्याकाळ हाताशी ठेवा. राजवाडा, राममंदिर आणि कोरीव कामाचं जबरेश्वर मंदिर आरामात पायी होतं. सईबाईंचं हे माहेर, निंबाळकरांचं गाव.

तिसरा दिवस चाळीसच्या आत, पण शिंगणापूरचा चढ आहे आणि माणदेशात सावली नावाला नाही. मालोजीराजांनी डोंगरावर पुष्कर तळं का बांधलं ते बाटल्या रिकाम्या झाल्या की आपोआप कळतं. माणशी तीन लिटर पाणी घ्या. चैत्रातल्या यात्रेला लोक खांद्यावर कावड घेऊन मुंगी घाट चढतात, आपल्याला तर चाकं आहेत, तेव्हा चढावर उतरून ढकलायला लाजू नका.

चौथ्या दिवशी दहिवडी, वडूज करत औंध. अख्ख्या फेऱ्यात एकच ठिकाण निवडायचं झालं तर मी औंध निवडेन. यमाईच्या डोंगराच्या उतारावर भवानी संग्रहालय आहे, १९३८ सालचं, औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेलं. रविवर्म्याची चित्रं आहेत, ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं शिल्प आहे, खटाव तालुक्यात! सुट्टीचा वार आधी विचारून घ्या नाहीतर चढ चढून कुलूप बघाल. आणि सायकलवाल्यांसाठी खास: लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सुरुवात केली ती सायकलच्या दुकानानं, आणि पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली ती याच औंध संस्थानातल्या माळरानावर, जागा याच राजानं दिली. म्हणजे औंधला नमस्कार करायला आपल्याकडे देवीशिवाय दुसरं कारणही आहे.

पाचवा दिवस रहिमतपूरवरून सातारा, शहरात शिरायच्या आधी संगम माहुली. कृष्णा-वेण्णेचा संगम, जुनी देवळं, आणि थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी. सहाव्या दिवशी लिंबची बारा मोटांची विहीर, मग वाई. या विहिरीबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण लोक वरून वाकून फोटो काढतात आणि निघून जातात. शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४ या काळात विरूबाई भोसल्यांनी बांधून घेतलीय, खोली शंभर फुटांच्या वर. जिना उतरून आत गेलात की विहिरीच्या मधोमध चक्क महाल आहे, कोरीव खांबांचा, तिथून एका बाजूला अष्टकोनी विहीर दिसते आणि दुसऱ्या बाजूला जिना. वर परत येऊन मोटेच्या जागा बघा. फक्त क्लीटचे, म्हणजे पेडलला अडकणारे, बूट घालून उतरू नका, पायऱ्यांचा काळा दगड झिजून गुळगुळीत झालाय, बूट हातात घ्या आणि अनवाणी जा.

वाईत ढोल्या गणपती सगळेच बघतात. तुम्ही मेणवलीलाही जा, अगदी जवळ आहे, नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट. घाटावरच्या छोट्या देवळात टांगलेली मोठी घंटा पोर्तुगीज चर्चमधली आहे, चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हाच्या लुटीतली.

सातव्या दिवशी परतीला हायवेवरच्या खंबाटकी घाटाचा विचारही नको, पुण्याकडे येताना तिथं बोगदा आहे आणि बोगद्यात ट्रकच्या पुढे सायकल चालवणं हा काही पराक्रम नाही. मांढरदेव घाटानं भोरला उतरा. चढ खडा आहे, घाम काढतो, पण भोरचा राजवाडा बघून दुपारचं जेवण तिथंच करून पुढे निघता येतं. शेवटचा थोडा हायवे काही चुकत नाही, तेवढा कडेकडेनं सोसायचा. लांब वाटलं तर भोरला मुक्काम टाका.

प्रश्न: माझ्याकडे साधी बिनगिअरची सायकल आहे. नवीन घ्यायला घरचे पैसे देणार नाहीत. अशा टूरला चालेल का, की पंक्चर काढत बसावं लागेल? (बारामती, कॉलेजात आहे)

मोरगाव, लोणी भापकर, फलटण यासाठी तुझी सायकल एकदम फिट आहे रे, तो सगळा भाग फारसा चढाचा नाही, आणि तू तर त्याच भागातला. शिंगणापूर आणि मांढरदेव ढकलत जावं लागेल, जाऊ दे. फक्त निघायच्या आधी ब्रेकची रबरं नवीन टाक. चढ ढकलता येतो, उतार ढकलून भागत नाही.

पंक्चर मात्र सगळ्यांना होणार, पन्नास हजारवाल्यालाही. आपल्याकडे दोन वैरी आहेत, बाभळीचा काटा आणि सराटा. शेताच्या कुंपणाला बाभळीच्या फांद्या लावलेल्या असतात, त्यातल्या रस्त्याच्या कडेला पडतात, आणि ट्रक आला की आपण नेमके त्याच कडेला उतरतो. सायकल थांबवायची तर डांबरावर थांबव, मातीत घेऊ नको. काटा टायरमध्ये घुसून आत मोडतो, बाहेरून दिसत नाही, ट्यूब बदलली की दहा मिनिटांत परत हवा जाते आणि माणूस नव्या ट्यूबला शिव्या घालतो. तर ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून जुना रुमाल गोल फिरवायचा, काटा असेल तिथं धागा अडकतो. बोट फिरवू नको, रक्त निघेल.

तुझ्या सायकलची ट्यूब कुठल्याही गावात मिळेल हा तुझा फायदाच आहे. ज्यांच्या सायकलला प्रेस्टा म्हणतात तो बारीक वॉल्व्ह आहे त्यांनी पितळी अडॅप्टर खिशात ठेवा, गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप मोटरसायकलच्या जाड वॉल्व्हचा असतो आणि तो बिचारा तुमच्या चाकाकडे बघून डोकं खाजवत बसतो.

प्रश्न: आम्ही दोघी मैत्रिणी, दोघींनाही घरून एकच प्रश्न येतो, "राहणार कुठे?" शिवाय वाटेत टॉयलेटचं काय? (नाशिक)

ताई, राहायचं सोपं आहे. मोरगाव, जेजुरी, शिंगणापूर ही देवाची गावं, भक्त निवास आणि साध्या खोल्या मिळतात, फलटण, सातारा, वाईला लॉज भरपूर. अडचण औंधची आहे, तिथं सोय मर्यादित, आधी फोन करून खोली पक्की झाली तरच जा, नाहीतर पुढे रहिमतपूर किंवा सरळ सातारा गाठा. फोनवरच विचारा की सायकली खोलीत किंवा आत अंगणात ठेवू देतील का, नंतर काउंटरवर वाद नको. टॉयलेटसाठी मोठे पेट्रोल पंप, तालुक्याचा एसटी स्टँड नाइलाज असेल तरच. दहिवडी ते औंध पट्ट्यात पर्याय कमी आहेत, त्यामुळे बायका तिथं पाणी कमी पितात असं बऱ्याच जणींनी कळवलंय, ते करू नका, उन्हात ते जास्त महागात पडतं. कुठल्याही वाडीत घरासमोर बाई दिसली की थांबून सरळ विचारा, नाही म्हणणारं घर क्वचितच, उलट चहा पिऊन जा म्हणतील. आणि अंधार पडायच्या आत मुक्कामी, हा नियम पुरुषांनाही लागू आहे, खाली वाचा का ते.

प्रश्न: कोणता महिना चांगला? मेमध्ये सुट्टी आहे. (दादर, डोंबिवली, सोलापूर आणि इतर)

मे नको. माणदेशात मेमध्ये सायकल चालवायची हौस असेल तर तिला माझा पाठिंबा नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात छान, पण तेव्हाच उसाचा गळीत हंगाम असतो. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे लाइट नाही आणि पुढे एवढ्या जोरात गाणी की तुमची घंटा काय हॉर्नसुद्धा ऐकू जाणार नाही. संध्याकाळी सातनंतर हे प्रकरण दिसतच नाही, म्हणून अंधाराचा नियम. पडलेल्या उसावरून चाक घसरतं तेही बघा. बदल्यात हंगामात गुऱ्हाळं सुरू असतात, ताजा रस आणि गरम काकवी, कुठल्या एनर्जी जेलच्या तोंडात मारेल अशी.

जुलै-ऑगस्टमध्ये वाई-भोर बाजू हिरवीगार असते पण घाटात दरडी आणि धुकं. आषाढात पालखीच्या दिवसांत फलटणचा रस्ता टाळा, सायकलनं वारी करायची असेल तर गोष्ट वेगळी. पौषात मांढरदेवची यात्रा, चैत्रात शिंगणापूरची, सोमवती अमावास्येला जेजुरी, निघायच्या आधी कालनिर्णय बघायचं.

प्रश्न: मी पुणे-वाई-पुणे एका दिवसात करतो. तुम्ही लोकांना आळशी बनवताय. (पिंपरी)

करा की, शाबास! मेणवली बघितली का पण?

प्रश्न: मुंबईहून सायकल कशी आणू? (ठाणे)

पुण्यापर्यंत रेल्वेनं. स्टेशनवरच्या पार्सल ऑफिसात बुक करायची, ब्रेक व्हॅनमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात, जाते. निदान दोन तास आधी पोचा, ओळखपत्राची झेरॉक्स ठेवा, पेडल काढून हँडल वळवा आणि गिअर बदलणाऱ्या डिरेलरभोवती जुनी चादर गुंडाळा, कारण तुमच्या सायकलवर काय रचलं जाईल सांगता येत नाही. एसटीचं सगळं त्या गाडीच्या टपावर आणि कंडक्टरच्या मूडवर अवलंबून, नव्या बऱ्याच गाड्यांना टपावर कॅरिअरच नसतो.

प्रश्न: मी मूळची साताऱ्याची, आता नेदरलँड्समध्ये असते. इथे सायकलच्या रस्त्यांवर प्रत्येक चौकाला नंबर असतो, नंबर बघत कुठेही जाता येतं. डिसेंबरमध्ये येतेय, तिकडे रस्ता कसा शोधायचा? (युट्रेख्त)

नंबर वगैरे काही नाही ताई, माणसं आहेत. फोनमध्ये ऑफलाइन नकाशा टाकून या, पण तो कधी कधी बैलगाडीच्या वाटेला रस्ता म्हणतो, त्यामुळे विचारावंच लागतं. विचारताना "रस्ता कुठे जातो" असं नको, "सायकल जाईल का" असं विचारा, उत्तर जास्त खरं मिळतं. "हे काय, हितंच" म्हणजे तीन ते सात किलोमीटर धरा. "थोडा चढ हाय" म्हटलं तर आधी पाणी भरून घ्या. आणि प्रत्येक ठिकाणी कुठनं आलाय, गाडी असताना सायकलनं का, सायकल केवढ्याला पडली, हे तीन प्रश्न ठरलेले आहेत, तुम्हाला तर वर चौथा, माहेर साताऱ्यात कुठलं, आणि मग ओळख निघणार. रोजच्या वेळापत्रकात त्याचा तासभर धरून चला.