नळीचा पीळ आणि गोळीची लांबी

प्रश्न : माझी .२२ बोअरची रायफल १:१६ ट्विस्टची आहे. ४० ग्रेनऐवजी (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) ६० ग्रेनची गोळी वापरली तर वाऱ्याने कमी सरकेल, असं ऐकून ५० मीटरवर ती मारून पाहिली. कागदावर गोल भोकांऐवजी लांबट, चावीच्या भोकासारखी भोकं पडली. रायफल बिघडली का?
— वाचक, विटा (जि. सांगली)

उत्तर : रायफल ठणठणीत आहे. नळीच्या आतल्या मळसूत्री खाचा गोळीला फिरवून सरळ ठेवतात. त्या खाचांचा पीळ म्हणजे ट्विस्ट. तुमच्या नळीच्या पिळाला ती गोळी फार लांब पडली. गोळी आडवी होऊन कागदात शिरली, म्हणून भोक लांबट.

ट्विस्ट वजनावरून ठरतो हा समज सगळीकडे आहे. ठरतो तो लांबीवरून. व्यास तोच, शिसंही तेच, मग वजन वाढवायचं तर गोळी लांबच करावी लागते. त्यामुळे वजनाचा हिशेब बऱ्याचदा जुळून येतो. पण निव्वळ तांब्याची गोळी तेवढ्याच वजनाच्या शिशाच्या गोळीपेक्षा लांब भरते, आणि तिथे वजन पाहणारा फसतो.

ब्रिटिश गणितज्ञ ग्रीनहिल यांचं १८७९ चं सूत्र आजही अंदाजाला पुरतं : व्यासाचा वर्ग गुणिले १५०, भागिले लांबी. ४० ग्रेनच्या गोळीचा व्यास ५.७ मिमी आणि लांबी ११.७ मिमी धरली, तर एका फेऱ्याला ४१६ मिमी असं उत्तर येतं. १:१६ म्हणजे १६ इंचांत, ४०६ मिमीत, एक फेरा. म्हणजे तुमची नळी ४० ग्रेनसाठीच बेतलेली आहे, वर फारशी सवड नाही. ६० ग्रेनच्या त्या संथ गोळीला १:९ च्या आसपासचा पीळ लागतो. ती बाजूला ठेवा.

.२२ मध्ये खरा फायदा लॉट, म्हणजे एकाच वेळी बनलेल्या काडतुसांची खेप, निवडण्यात आहे. एकाच कंपनीचे तीन-चार लॉट घ्या. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवा, सकाळी वारा उठायच्या आत प्रत्येक लॉटचे १०-१० गोळ्यांचे पाच ग्रुप (कागदावर पडलेल्या भोकांचे झुबके) मारा. काडतूस बदललं की नव्याच्या पहिल्या २० गोळ्या मोजू नका. नळीत जुन्या गोळीच्या मेणाचा थर असतो, तो बदलेपर्यंत ग्रुप फसवा येतो. ५० मीटरच्या टार्गेटवर १० चं वर्तुळ १०.४ मिमीचं असतं. त्यात सातत्याने बसणारा लॉट सापडला तर त्याच लॉटची जमतील तेवढी खोकी घेऊन ठेवा.

४० ग्रेननेही लांबट भोकं पडली, तर मात्र नळीचं तोंड पाहा. तोंडाकडून लोखंडी गज घालून साफ करायची सवय कडा झिजवते. नळीत शिसं साचलंय का, तेही पाहा.

प्रश्न : जुन्या रायफलवर ट्विस्टचा आकडा नाही. घरी मोजता येईल का?
— वाचक, कराड (जि. सातारा)

उत्तर : येईल. आधी नळी रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहा आणि बोल्ट काढून ठेवा. मूठ मोकळी फिरणारा क्लीनिंग रॉड घ्या, त्यावर घट्ट बसेल असं कापड लावून मागच्या बाजूने आत घाला. रॉडवर वरच्या अंगाला पेनने खूण करा, नळीच्या मागच्या टोकाशी दुसरी. रॉड सावकाश ओढा. वरची खूण एक पूर्ण फेरा घेऊन परत वर आली की थांबा. रॉड जितका सरकला तो तुमचा ट्विस्ट. कापड सैल असेल तर ते घसरतं आणि आकडा खोटा येतो. तीनदा मोजा, सरासरी घ्या. नळी आखूड असेल तर अर्धा फेरा मोजून दुप्पट करा.

नळीची लांबी आणि ट्विस्ट यांची गल्लत करू नका. नळी कापली तरी पीळ बदलत नाही, वेग मात्र बदलू शकतो.

प्रश्न : .२२३ च्या काडतुसासाठी कोणत्या पिळाला किती ग्रेन?
— वाचक, सातारा

उत्तर : १:१२ ला ५५ ग्रेनपर्यंत, १:९ ला ६९ पर्यंत, १:८ ला ७७. वेग ८५० मीटर प्रति सेकंदाच्या वर गेला की ग्रीनहिल यांच्या वरच्या सूत्रात १५० ऐवजी १८० घ्यायचे. थंडीत हवा दाट होते, स्थिरता घटते. म्हणून काठावरची जोडी डिसेंबरच्या पहाटे तपासा. महाबळेश्वरला १,३०० मीटरहून वर, विरळ हवेत, जुळलेली जोडी खाली पठारावर जुळेलच असं नाही. शंका असेल तर थोडा जास्त पीळ परवडतो, कमी पीळ कधीच नाही. जास्त पिळात गोळीच्या घडणीतला दोष उघडा पडून ग्रुप थोडा पसरतो, पण गोळी आडवी होत नाही.

प्रश्न : पॅरिसला २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळे यांनी पदक मिळवल्यापासून मुलगी एअर रायफल शिकतेय. पेलेटसाठी (एअर रायफलच्या छोट्या गोळीसाठी) ट्विस्ट पाहावा का?
— वाचक, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : नाही. ४.५ मिमीच्या पेलेटचं डोकं जड, मागचा घेर पोकळ आणि कंबर बारीक असते. हवेचा रेटाच त्याला बऱ्याच अंशी सरळ ठेवतो. तिच्यासाठी डोक्याचा व्यास तपासा : ४.४९, ४.५० आणि ४.५१ चे डबे आणून १० मीटरवर एकेक मारून पाहा. घेर चेपलेले पेलेट वेगळे काढा.