करकर, खरखर, घरघर: इंग्रजीत काय म्हणावं?

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत गुणवत्ता तपासणीचं काम करणाऱ्या एका वाचकाने विचारलंय: ‘मशीनचा आवाज आम्ही आपसात अगदी नेमका सांगतो. करकरतंय, खरखरतंय, घरघर येतेय. इंग्रजी रिपोर्टात मात्र सगळ्याचं एकच होतं, अ‍ॅबनॉर्मल नॉइज. डिक्शनरीत हार्श, ग्रेटिंग, रास्पिंग, स्ट्रायडंट असे शब्द सापडले. त्यांतला कुठला कुठे चालतो?’

आधी रिपोर्टाचं बघू. हे चारही शब्द तिथे फारसे उपयोगी नाहीत, कारण आवाज कानाला कसा लागला एवढंच ते सांगतात. दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला हवं असतं ते वेगळंच: काय घासतंय, काय आपटतंय. त्यासाठी इंग्रजीत साधे शब्द आहेत. ब्रेकचं लायनिंग संपल्यावर होतं तसा धातूवर धातू रगडला जात असेल तर ‘ग्राइंडिंग’. एखादा भाग सैल होऊन आपटत असेल तर ‘रॅटल’, म्हणजे आपला खडखडाट. दोन पृष्ठभाग क्षणभर चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात, तेव्हा हे किती भरभर घडतं त्यावर शब्द ठरतो. सावकाश असेल तर ‘क्रीक’, जुन्या नाशकातल्या एखाद्या वाड्याचं दार करकरावं तसा. भरभर असेल तर ‘स्क्वीक’, आणि तोच आवाज तीव्र होऊन लांबला की ‘स्क्वील’ किंवा ‘स्क्रीच’. लेथवरच्या, म्हणजे धातू फिरवत कापायच्या यंत्रावरच्या, माणसाला ‘चॅटर’ समजावून सांगायला नको. हत्यार थरथरलं की आवाज येतोच, शिवाय जॉबवर, म्हणजे कापल्या जाणाऱ्या भागावर, खुणाही उमटतात. मोटारींच्या कारखान्यांत तर ‘बझ, स्क्वीक अँड रॅटल’ अशी तिहेरी जोडीच रूढ आहे.

घरघर मात्र अडवते. बेअरिंगमधून किंवा मोठ्या चाकातून खालच्या पट्टीतली जड घरघर येत असेल तर ‘रंबल’ म्हणावं, आणि घासल्याची खात्री असेल तर पुन्हा ग्राइंडिंग. पण मरणाऱ्याच्या घशात जी घरघर लागते, तिला इंग्रजीत ‘डेथ रॅटल’ म्हणतात. बाळाच्या खुळखुळ्यालाही रॅटलच! म्हणून यादी करून शब्दासमोर शब्द लावण्याच्या फंदात पडू नये. आवाज कशातून निघतोय ते आधी ठरवावं आणि मग शब्द शोधावा.

आता तुम्हाला सापडलेल्या शब्दांकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. त्यांतले तीन मुळात कानाचे नाहीतच, ते हाताचे आहेत. ‘हार्श’ म्हणजे आधी स्पर्शाला खडबडीत. चवीला आणि आवाजाला तो नंतर लागला. ‘रास्प’ ही लाकडावर चालवायची दातेरी कानस. ‘ग्रेट’ या क्रियापदाचा मूळ अर्थ खरवडणं, आणि स्वयंपाकघरातली किसणी म्हणजे ‘ग्रेटर’. आपल्याकडेही हेच घडलंय. संस्कृतात ‘कर्कश’ म्हणजे कठीण, खरखरीत, हाताला लागणारं. मराठीत बोलताना आपण तो जवळजवळ पूर्णपणे कानाला देऊन टाकला. मोटार उद्योगाने मात्र जुना अर्थ जपलाय. ‘नॉइज, व्हायब्रेशन अँड हार्शनेस’ ही त्रयी तुमच्या कानावर आली असेल. तिथला हार्शनेस म्हणजे नुसता कर्कश आवाज नव्हे. चाक खड्ड्यातून किंवा रस्त्याच्या सांध्यावरून गेलं की आतल्या माणसाला जो कडक हादरा जाणवतो, तोही त्यात येतो. मोटार उद्योगाच्या कागदपत्रांत हा शब्द दिसला तर त्याचं ‘कर्कशपणा’ असं भाषांतर करू नका.

मराठीचा एक गुण मला इथे फार मोलाचा वाटतो. करकर, किरकिर, कुरकुर: व्यंजनं तीच, फक्त स्वर बदलले. ‘अ’मध्ये आवाज मोकळा आणि ठसठशीत, ‘इ’मध्ये बारीक आणि टोचणारा, ‘उ’मध्ये दबलेला. म्हणूनच नाराज माणूस कुरकुरतो आणि आजारी मूल किरकिर करतं. पुढे करकर, खरखर, घरघर म्हणत गेलं की आवाज जड होत जातो. असा जिना इंग्रजीत इतका नीट बांधलेला नाही. स्क्वीक आणि स्क्वॉक, क्रीक आणि क्रोक अशा जोड्या आहेत, पण त्या विखुरलेल्या. तेव्हा आपसात करकर, खरखर म्हणणं हा तुमच्या विभागाचा अडाणीपणा नाही, ते अचूक निदान आहे.

मोठा आवाज आणि कर्कश आवाज यांची गल्लत इंग्रजी लिहिताना बरेचदा होते. नाशिक ढोल कानठळ्या बसवतो, छातीत घुमतो, पण तो हार्श नाही. त्याला ‘बूमिंग’ किंवा ‘थंडरस’ शोभतं. फळ्यावर खडू घासला की आवाज लहानसाच निघतो, तरी अंगावर काटा येतो. सुमारे 2000 ते 5000 हर्ट्‌झ या पट्ट्यात आपला कान सर्वांत संवेदनशील असतो, हे त्याचं एक कारण.

माणसाच्या गळ्याकडे वळलं की शब्दांना पसंती-नापसंती चिकटते. सर्दीने किंवा ओरडून घसा बसला तर ‘होर्स’. तोच घोगरेपणा हवासा वाटला की ‘हस्की’. ‘रास्पिंग’ कोरड्या खोकल्याला आणि खरवडत निघणाऱ्या आवाजाला छान बसतो. ‘रॉकस’ हा लॅटिनमधल्या घोगऱ्यासाठीच्या शब्दापासून आला. आज तो कावळ्यांना, दारूच्या अड्ड्यावरच्या हसण्याला आणि गोंधळ घालणाऱ्या जमावाला लावतात. कावळा तर आपल्या परंपरेतही आहे: देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’मध्ये गायकांचे दोष सांगितले, त्यांत कावळ्यासारख्या आवाजाच्या गायकाला ‘काकी’ म्हटलंय.

‘स्ट्रायडंट’ जपून वापरा. लॅटिनमधल्या करकरण्याच्या क्रियापदातून तो आला आणि रातकिड्यांच्या आवाजासाठीचं ‘स्ट्रिड्युलेट’ त्याचंच भावंड. पण आज तो टीकेला, मागणीला, भूमिकेला लागतो आणि ठाम बोलणाऱ्या बाईला तर फार चटकन चिकटवला जातो. ‘श्रिल’चं, म्हणजे चिरक्या आवाजासाठीच्या शब्दाचंही तसंच. आपल्याकडे ‘कर्कशा’ हे नाम फक्त बाईसाठी आहे, पुरुषासाठी त्याला जोड नाही. दोन्ही भाषांतला हा अन्याय मला खुपतो. आवाज खरोखर चिरका असेल तर तसं म्हणावं, मत पटलं नाही म्हणून हे शब्द वापरू नयेत.

आवाज खुपतो या अर्थाने ‘ग्रेट’ हे क्रियापद माणसाबाबत वापरताना पुढे ‘ऑन’ हवं: ‘हिज व्हॉइस ग्रेट्स ऑन मी’. याला ‘त्याचा आवाज मला किसतो’ असं कुणी म्हणणार नाही. आपण सरळ म्हणतो, ‘त्याचा आवाज डोक्यात जातो.’